वर गेल्याचा दाखला

कैनाडच्या एका पाड्यावर नवशी राहायची. तिला सावकाश म्हणून काही येतच नसे. चिकूच्या वाडीत कामाला गेली की बाकीच्या बायका पदर खोचून झाडाकडे बघत असायच्या, तेवढ्यात हिची टोपली भरून वर मालकाशी भांडणही उरकलेलं असे. बोलणंही तसंच. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत ही उत्तर देऊन मोकळी. त्यामुळे निम्मे प्रश्न ती चुकीचे ऐकायची, पण उत्तर इतक्या ठामपणे द्यायची की विचारणाऱ्यालाच वाटे, आपलंच काहीतरी वेडंवाकडं विचारून झालं.

तिचा नवरा धाकल्या नेमका उलटा. तो बोलायला लागला की दारातली कोंबडी अंडं घालून उठून जायची, तरी त्याचं वाक्य अर्ध्यावरच असायचं. पण समुद्रावर कुणाला वाक्यं लागत नाहीत. धाकल्या खलाशी होता. नारळी पुनव झाली की पाड्यावरचे बरेच बापये गुजरातेत ओख्याला, वेरावळला मासेमारीच्या बोटींवर कामाला जायचे आणि मे महिन्यात परत यायचे. पाड्याच्या बोलीत ह्याला ‘वर जाणं’ म्हणत. ओखा वर, आपलं घर खाली. "तुझा भाऊ दिसत नाय?" "वर गेला." बस, एवढ्यात सगळं आलं. मे महिन्यात वरचे खाली यायचे, आठवडाभर ताडी आणि भांडणं चालायची, आणि पाडा पुन्हा पाडा वाटायला लागायचा. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात गुजरात वरच असतो, तेव्हा भूगोलाच्या दृष्टीनं पाड्याचं काहीच चुकत नव्हतं. उरलेल्या महाराष्ट्रात ‘वर गेला’ म्हणजे काय समजतात, याची चौकशी करायचं पाड्याला कधी कारण पडलं नव्हतं.

दोन हजार चौदा साली गावोगाव खाती उघडायची लाट आली, तेव्हा धाकल्याचंही चारोटीच्या बँकेत खातं निघालं आणि एक कार्ड मिळालं. पाठीवर काळी पट्टी, पुढे धाकल्याचं नाव. धाकल्या कार्ड नवशीकडे ठेवून वर गेला. एटीएमच्या दाराशी वॉचमन म्हणून पांड्या बसायचा. हा धाकल्याचा चुलतभाऊ. निळा शर्ट अंगावर चढला की त्याला आपण बँकेचे निम्मे मालक आहोत असं वाटायचं. कार्ड कसं घालायचं आणि कसं ओढायचं, हे त्यानंच नवशीला शिकवलं. आकडे तिला वाचता येत नव्हते, पण बोटांनी जागा पाठ केल्या होत्या: वरचा कोपरा, मधलं, खाली, परत मधलं. भाताची रोपं लावताना हात चालतो तसा तिचा हात त्या बटणांवर चालायचा. मशीनला मात्र तिचा वेग झेपत नसे. मग ती मशीनवर खेकसायची आणि पांड्या दार उघडून आत डोकावून म्हणायचा, "वैनी, मशीनला शिव्या कळत नाय."

"तुला तरी कुठं कळतात," नवशी म्हणायची.

त्या कार्डाचा खरा उपयोग पैसे काढायला नव्हताच. नवशीनं मशीनमधून नोट काढली की धाकल्याच्या मोबाईलवर बँकेचा मेसेज जायचा. बोट बंदराला लागली, रेंज आली की तो मेसेज टुंग करून वाजायचा आणि बोट चालवणारा तांडेल वाचून दाखवायचा. शंभर काढले म्हणजे घरी सगळं ठीक, बाई बाजारला येऊन गेली. पाचशे काढले म्हणजे कुणीतरी आजारी, लगेच फोन कर. असं काही दोघांनी बसून ठरवलं नव्हतं. ठरवायला धाकल्याचं वाक्य पुरं व्हायला हवं होतं. पण दोन-तीन सालांत ते आपोआप ठरलं, आणि बँकेला कल्पनाही नसताना बँक नवराबायकोचा निरोप्या झाली. पुष्कळदा नवशी शंभराची नोट काढायची, चारोटीच्या नाक्यावर मिरच्या आणि सुका बोंबील घ्यायची आणि उरलेले घरी आणून डब्यात टाकायची. फोनवर बोलण्यापेक्षा तिला हे बरं वाटे. फोनवर धाकल्या "मी काय म्हणतो" म्हणायचा आणि मग काहीच म्हणायचा नाही.

सतराच्या दिवाळीनंतर धाकल्याची बोट पाण्यातली हद्द ओलांडून गेली, आणि पाकिस्तानवाल्यांनी ती पकडून नेली. बोटीवरचे सगळे तिकडच्या तुरुंगात गेले. पाड्यावर खबर आली तेव्हा नवशीनं पहिला प्रश्न विचारला, "फोन बरोबर आहे ना त्याच्या?"

सासू तुळशी कपाळ धरून बसली होती. ती म्हणाली, "नवशे, माणूस गेला तुरुंगात आणि तू फोनचं काय विचारते?"

नवशीला फोनचंच विचारायचं होतं. पुढच्या बाजाराला ती चारोटीला गेली, मशीनमधून शंभर काढले आणि बाहेर येऊन पांड्यासमोर उभी राहिली.

"गेला असेल ना मेसेज?"

"वैनी, फोन त्या लोकांनी काढून घेतला असणार."

"काढून घेतला तर कुणाकडे तरी असेल ना? तो वाचील. सांगील त्याला, तुझी बाई बाजारला आली होती म्हणून."

तिकडचा एखादा जाडजूड शिपाई रोजच्या रोज धाकल्याला बँकेचे मेसेज वाचून दाखवतोय, हे पांड्याच्या डोळ्यांसमोर काही येईना. पण तो चुलतदीर होता. म्हणाला, "आणि फोन बंद असला तरी मेसेज कुठं जात नाय. थांबून राहतो. चालू केला की सगळे एकदम येतात."

हे त्यानं आपलं असंच, बरं वाटावं म्हणून सांगितलं. नवशीनं ते खरं मानलं. तेव्हापासून दर महिन्याला ती शंभर काढायची. धाकल्याच्या नंबरात रिचार्जही मारायची. त्या नंबरावर फोन लावला की एक बाई हिंदीत काहीतरी सांगायची. नवशी तिचंही वाक्य पुरं होऊ द्यायची नाही.

अठराचा पावसाळा सरला आणि बँकेनं नवीन टूम काढली. काळ्या पट्टीची कार्डं साल संपताच बंद होणार, जुनं कार्ड आणून द्या आणि चिपवालं न्या. पांड्यानं स्वतःचं नवीन कार्ड पाड्यावर आणून देवाच्या प्रसादासारखं सगळ्यांच्या हातून फिरवलं. त्यावर सोनेरी चौकोन चमकत होता.

"ही चिप," पांड्या म्हणाला. "ह्याच्यात सगळं असतं. आता कुणाला नक्कल करता येणार नाय."

बायकांनी चिप बघितली आणि एकमतानं ठरवलं की कार्डाला टिकली लावली आहे. त्या दिवसापासून पाड्यावर कार्डाचे दोन प्रकार झाले, टिकलीचं आणि बिनटिकलीचं. हसून हसून बायकांची पोटं दुखली. तुळशी मात्र हसली नाही. घरी आल्यावर तिनं नवशीला डब्यातून कार्ड काढायला लावलं, ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "माझ्या धाकल्याचं नाव आहे ह्याच्यावर. उघड्या कपाळाचं बरं दिसत नाय. टिकलीचं घेऊन ये."

नवशीला टिकलीचं काही नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की कार्ड बंद झालं तर मेसेज बंद होईल. दिवाळी झाल्यावर ती टमटमनं चारोटीला निघाली. बँकेच्या दारात पांड्यानं तिला बाजूला घेतलं.

"वैनी, आत पाकिस्तानचं नाव काढू नको. शंभर गोष्टी विचारतील आणि खातंच बंद करतील. विचारलं तर नेहमीसारखं सांग, वर गेला म्हणून."

काउंटरवर नवीन साहेब होता. बुलढाण्याकडचा, वयानं तरणा, चष्मा मोठा आणि मन त्याहून मोठं. बदली होऊन त्याला फार दिवस झाले नव्हते. इथले लोक आपल्याशी गावाकडच्यासारखे का भांडत नाहीत याची त्याला काळजी वाटायची, आणि कुणाचं तरी काम झटपट करून द्यायची त्याला हौस होती. बँकेत अशी माणसं क्वचित सापडतात, आणि सापडतात तेव्हा असा घोटाळा होतो.

त्यानं कार्ड बघितलं. "धाकल्या कोण? ते स्वतः कुठं आहेत?"

"वर गेला."

साहेबाचा हात थांबला. "काय सांगता? कधी?"

"मागच्या साली. नारळी पुनव झाल्यावर."

"आजारी होते का हो?"

"आजारी कशाला? चांगला धडधाकट होता. बोटीवर गेला."

"म्हणजे बोटीवर असताना..."

"बोटीवरच जातात सगळे. आमच्या पाड्यातले दरसाल वीस-पंचवीस जातात."

साहेबानं चष्मा काढला. "दरसाल? वीस-पंचवीस? काऊन? अन् सरकार काहीच करत नाही?"

"सरकार काय करणार? पोटासाठी जावं लागतं," नवशी म्हणाली. हा माणूस कशाचं एवढं मनाला लावून घेतोय, हे तिला समजेना. "माझा भाऊ पण गेला. त्याच्या आधी बाप जायचा."

‘जायचा’ ह्या शब्दाशी साहेब जरा अडखळला. पण दुसऱ्याचं दुःख ऐकताना माणूस व्याकरणाकडे लक्ष देत नाही. त्यानं शिपायाला पाणी आणायला सांगितलं, नवशीला बसायला खुर्ची दिली, आणि त्या शाखेच्या इतिहासात कधी झालं नव्हतं इतक्या तातडीनं काम केलं. खात्यावर खातेदार मयत म्हणून खूण मारली. नियमाप्रमाणे जुनं कार्ड कात्रीनं मधोमध कापलं. नवशी शांतपणे बघत राहिली. जुने कपडे घेऊन नवं पातेलं देणाऱ्या बायका आधी जुने कपडे ताब्यात घेतात, तसंच हे असणार.

"टिकलीचं द्या आता," ती म्हणाली.

"आता कार्ड नाही मिळायचं वहिनी. पण काळजी करू नका, खात्यातलं सगळं तुमच्या नावावर करून देतो. तुम्ही फक्त दाखला आणा. ग्रामपंचायतीत मिळेल."

"कसला दाखला?"

साहेबाला तो शब्द तिच्या तोंडावर उच्चारवेना. "ते... गेल्याचा," तो म्हणाला.

वर जाण्याचाही आता दाखला काढावा लागतो, ह्या सरकारला दुसरा धंदा नाही, असं मनाशी म्हणत नवशी तडक ग्रामपंचायतीत गेली. ग्रामसेवकाला म्हणाली, "धाकल्या वर गेल्याचा दाखला द्या. बँकेनं मागितलाय."

ग्रामसेवक इकडचाच. त्यानं तिला दोनदा विचारलं, कार्डाचं काय केलं ते विचारलं. कापलं म्हटल्यावर त्यानं पेन खाली ठेवलं. "नवशे, हा वर गेल्याचा नाय. मेल्याचा दाखला मागितलाय तुझ्याकडे. बँकेला काही कळलंय का?"

तिची पावलं घरी पोचायच्या आधी ही खबर पोचली होती. बँकेला कळलंय म्हणजे खरंच असणार. बँकेची तार थेट दिल्लीला जोडलेली, असं पांड्यानंच सगळ्यांना कधीतरी अभिमानानं सांगून ठेवलं होतं. तुळशीनं अंगणात बसून हंबरडा फोडला. बापये येऊन बसले. कुणी सरपणाचं बोलायला लागला, मग जाळायला देहच नाही हे आठवून थांबला. पांड्या निळा शर्ट काढून बनियनवर बसला होता, आणि पाकिस्तानचं नाव काढू नको असं आपण का म्हणालो, एवढंच पुन्हा पुन्हा बोलत होता. शेजारच्या निर्मलानं येऊन नवशीच्या हातातल्या बांगड्यांकडे बघितलं. नवशीनं हात पदराखाली घेतला.

ती रडली नाही. तिच्या डोक्यात एकच चाललं होतं: मी साहेबाला वर गेला म्हणून सांगितलं, आणि साहेबानं तो मेला म्हणून लिहिलं. साहेबाला आधीच तिकडून कळलं होतं, की हे माझ्या बोलण्यामुळे झालं?

दुसऱ्या दिवशी बँकेचं शटर वर जायच्या आधी ती तिथं होती.

"माझा नवरा मेला हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

साहेब चाचरला. "वहिनी, तुम्हीच नाही का काल..."

"मी सांगितलं वर गेला."

"मग तेच तर."

"वर म्हणजे वर. ओख्याला."

साहेबानं वर छताकडे बघितलं, मग नवशीकडे. मग पांड्यानं मध्ये पडून हातवारे करत सगळं समजावलं: ओखा, बोट, हद्द, तुरुंग. आता लपवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. साहेबाचा चेहरा चुन्यासारखा झाला. एका जिवंत माणसाला आपण मारलं आणि वर त्याच्या बायकोला पाणी पाजलं, हे त्याच्या ध्यानात आलं.

"म्हणजे तो आहे," नवशी म्हणाली. "तुम्हाला तिकडून काही कळलेलं नाय."

"काहीच नाही. शपथ."

तेव्हा नवशी तिथल्या तिथे फरशीवर बसली आणि रडली. रांगेतल्या लोकांनी दोन पावलं मागं सरून तिला जागा करून दिली.

मारायला जेवढा वेळ लागला त्याच्या कितीतरी पट वेळ धाकल्याला परत जिवंत करायला लागला. साहेबानं मुंबईच्या ऑफिसला लिहिलं की खातेदार हयात आहे. मुंबईनं पुरावा मागितला. साहेबानं लिहिलं की स्थानिक बोलीत ‘वर’ म्हणजे उत्तर दिशा. मुंबईनं कळवलं की उत्तर दिशेचा पुरावा जोडावा. अखेर त्याची चिकाटी बघून कंटाळलेल्या कुणीतरी ती खूण पुसली. पण टिकलीचं कार्ड काही मिळेना. त्याला धाकल्याचा अंगठा हवा होता, आणि अंगठा सीमेच्या पलीकडे होता. जुनं कार्ड तर कापलेलंच होतं, आणि कापलं नसतं तरी साल संपताच बंद पडणारच होतं.

"मग मेसेज कसा जाणार?" नवशीनं विचारलं.

"कसला मेसेज?"

तेव्हा तिनं शंभराचं आणि पाचशेचं सगळं सांगितलं. साहेब बराच वेळ टेबलावरची कात्री इकडची तिकडे सरकवत राहिला. मग म्हणाला, "काढता नाही यायचं. पण जमा करायला कार्ड लागत नाही. दहा रुपये भरले तरी मेसेज जातो."

"जमा?" नवशी विचारात पडली. "तो म्हणेल, हिच्याकडे एवढे पैसे आले कुठून."

"म्हणू द्या," साहेब म्हणाला.

एकोणीसच्या जानेवारीपासून नवशी दर महिन्याला दहाची नोट घेऊन काउंटरवर यायला लागली. पावती साहेब स्वतः भरायचा. आता तो पाड्याची बोली शिकला होता आणि ती कुठेही वापरायला बघायचा. "या वहिनी. वरची काय खबर?" असं तो मुद्दाम रांगेला ऐकू जाईल असं विचारायचा. "काय नाय," नवशी म्हणायची, आणि दोघंही त्यावर समाधानी असायची. खबर नाही म्हणजे वाईट खबर नाही.

मे महिन्यात वरचे खाली यायला लागले. त्याच सुमाराला जिल्ह्याच्या कचेरीतून एक माणूस पाड्यावर आला. धाकल्या तिकडच्या तुरुंगातल्या दवाखान्यात गेला होता, होळीच्याही आधी. देह यायला वेळ लागणार होता, दोन्हीकडचे कागद व्हायचे होते.

पाडा त्याच्यासाठी एकदा रडून बसला होता. या वेळी कुणाला नीट रडता येईना. जो तो दुसऱ्याकडे बघत होता, हे तरी खरं ना म्हणून. तुळशीनं तर मानायलाच नकार दिला. "मागं पण असंच म्हणाले होते," ती म्हणाली. "नवशे, जा. बँकेत विचारून ये. तो साहेब वर आणि वर ह्यात गफलत करतो."

सासूनं सांगितलं म्हणून नवशी गेली. पदराला दहाची नोट बांधलेली होती.

"या वहिनी," साहेब म्हणाला. रांग नव्हती, तरी त्यानं आवाज चढवलाच. "वरची काय खबर?"

"वर गेला, साहेब."

"ते तर झालंच की. खाली कधी येणार ते सांगा. आता सगळे यायला लागले ना?" त्यानं पावतीचं पुस्तक ओढून घेतलं.

जन्मात पहिल्यांदा नवशीला उत्तर द्यायला वेळ लागला.

"आमच्यातलं नाय, साहेब," ती म्हणाली. "तुमच्यातलं वर."

साहेबाचं पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला. नवशीनं पदराची गाठ सोडली आणि नोट खिडकीतून आत सरकवली.

"आजचे घ्या. त्याच्याबरोबर त्याचं सामान पण येईल. फोन असेल त्याच्यात. मी चालू करीन तेव्हा सगळे मेसेज एकदम येतील. त्यात आजचा राहायला नको."

इतके महिने कुणाचा मेसेज थांबून राहत नाही, हे साहेबाला माहीत होतं. आता नियमाप्रमाणे त्या खात्यावर आधी कोणती खूण मारायची, तेही त्याला माहीत होतं. त्यानं दुसरी पावती घेतली, धाकल्याचं नाव नीट अक्षरात लिहिलं, दहा रुपये जमा केले आणि शिक्का मारून अर्धी पावती तिच्या हातात दिली.

"आता दाखला लागेल ना?" तिनंच विचारलं.

"लागेल."

"वर गेल्याचा."

"हो, वहिनी. आणा सावकाश. घाई नाही."

"मला सावकाश येत नाय," नवशी म्हणाली, आणि दाराजवळच्या बाकावर जाऊन बसली. पांड्यानं बाहेरून दोनदा दार उघडून पाहिलं. बँक बंद व्हायची वेळ झाली, तरी ती तिथून उठली नव्हती, आणि साहेबानं शटर ओढायला सांगितलं नव्हतं.